रागाच्या पोटात काय असतं?

(असोदा, जि. जळगाव इथे पालक, शिक्षक आणि तरुण कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण)



मला विषय दिलाय : 'मुलांना भावनिक बुद्धिमत्ता कशी शिकवावी?' शब्द जरा जड आहे. ऐकला की वाटतं, यासाठी एखादा कोर्स करावा लागेल, फी भरावी लागेल. म्हणून आधी सोपं करून सांगते. आपल्या मनात काय चाललंय ते ओळखणं, त्याला नाव देणं, समोरच्याच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज घेणं आणि मग काय करायचं ते ठरवणं, एवढाच या शब्दाचा अर्थ. 1990 मध्ये पीटर सॅलोवी आणि जॉन मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी या कल्पनेची नीट मांडणी केली. 1995 मध्ये डॅनियल गोलमन यांचं पुस्तक आलं आणि हा शब्द जगभर पोचला.

पण आपण बसलोय असोद्यात. बहिणाबाईंचं हे माहेर. 1880 मध्ये त्या इथे महाजनांच्या घरात जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावला चौधरींकडे गेल्या आणि तिशीत वैधव्य आलं. पदरात तीन मुलं, वर शेताची आणि घराची कामं. या बाईने जात्यावर बसून, शेतात राबताना मनाविषयी, दुःखाविषयी, माणसाच्या स्वभावाविषयी गाणी रचली. मुलगा सोपानदेव यांनी आणि घरातल्यांनी ती उतरवून ठेवली. 1951 मध्ये बहिणाबाई गेल्या आणि 1952 मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती गाणी पुस्तकरूपात आली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

हे सांगते ते गावाचं कौतुक करण्यासाठी नाही. मन समजून घ्यायला बहिणाबाईंना पुस्तक लागलं नाही. शेत, विहीर, ढोरं, पाखरं, चूल, जातं हे रोजचं जग त्यांनी वापरलं, आणि भाषाही घरात बोलायची तीच वापरली. आपल्या घरात शिकलेलं कुणी नाही, म्हणून मुलांच्या मनाचं आपल्याला काय कळणार, असं ज्या अम्मींना आणि दादींना वाटतं, त्यांच्यासाठी असोद्याहून मोठा दाखला मला सापडत नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्यावर येते. मुलांना भावना आवरायला शिकवण्याआधी भावनेसाठी शब्द द्यावा लागतो. आपण नेमका हा टप्पा गाळतो. आपण थेट शेवटच्या पायरीवर जातो, 'रडू नको', 'गप बस', 'सॉरी म्हण'.

मी शिक्षिका आहे. पाचवी-सहावीच्या मुलांना विचारा, 'कसं वाटतंय?' उत्तरं तीनच येतात : चांगलं, वाईट, राग आला. सगळं मन या तीन डब्यांत कोंबलेलं. मराठीत शब्दांची कमी आहे का? हिरमोड, रुसवा, खंत, हुरहूर, धाकधूक, धास्ती, घुसमट, कुचंबणा, ओशाळणं, हेवा. आपल्या घरातल्या बोलीत बघा. घबराहट, शर्मिंदगी, मायूसी, जलन, नाराजी, दिल बैठ जाना. शब्द भरपूर आहेत, पण मुलाशी बोलताना ते आपल्या तोंडी येत नाहीत. त्याच्या कानावर पडतं ते 'अभ्यास कर', 'मोबाइल ठेव', 'नमाजला चल', 'आवाज कमी'.

'राग' हा शब्द तर गोणीसारखा आहे. त्यात काहीही भरता येतं. सहलीचे पैसे भरता आले नाहीत म्हणून वर्गात गप्प बसलेला मुलगा संध्याकाळी धाकट्या भावाला ढकलतो. विचारलं तर म्हणतो, राग आला. त्या रागाच्या पोटात असते लाज. बहिणीला शाळेतून काढायची चर्चा घरात ऐकलेली मुलगी वही फाडते. तीही म्हणते, राग आला. तिच्या रागाच्या पोटात असते भीती, 'उद्या माझा नंबर.' लाजेवर उपाय वेगळा आणि भीतीवर वेगळा. पण दोघांनाही आपण एकच औषध देतो, एक चापट.

शब्दाने खरंच काही होतं का? 2007 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि त्या वेळी मेंदूत काय घडतं ते पाहिलं. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं तेव्हा मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग शांत होताना दिसला. विचार करणारा, स्वतःला आवरणारा भाग जास्त काम करू लागला. हा भाग माणसात पूर्ण तयार व्हायला विशीच्या मध्यापर्यंतचा काळ जातो. म्हणजे दहा वर्षांच्या पोराकडून आपण जो संयम मागतो, तो ठेवणारं यंत्र त्याच्याकडे अजून अर्धंच बसवलंय. तोवर मोठ्या माणसाने शब्द पुरवायचा.

तो शब्द कोणत्या भाषेतला? खानदेशात हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आपल्या मुलाच्या घरात मराठी मिसळलेली उर्दू, गल्लीत अहिराणी किंवा तावडी आणि शाळेत पुस्तकी मराठी किंवा पुस्तकी उर्दू. आता वर सेमी-इंग्रजी. यावल, रावेर, चोपड्याकडच्या तडवी घरांतली बोली आणखी वेगळी. मुलगा मारामारी करून ऑफिसमध्ये उभा असतो आणि आपण म्हणतो, 'नीट मराठीत सांग.' भाषांतर करता करता त्याची भावना निम्मी सांडते आणि उरतं तेच, राग आला. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवायला सांगितलंय. गणिताला जे लागू, ते रडण्यालाही लागू. मूल ज्या भाषेत रडतं त्या भाषेत त्याला आधी बोलू द्या. मराठी आपण नंतर दुरुस्त करू.

आता काही जणांच्या मनात येईल, हे सगळं पाश्चात्त्य आहे, आपल्यात तर 'सब्र' शिकवतात. म्हणून आपल्याच घरातल्या गोष्टी आठवू या. हजरत अनस (रजि.) यांचा एक धाकटा भाऊ होता. त्याने एक लहान पाखरू पाळलं होतं. ते मेलं आणि पोरगं उदास बसलं. पैगंबर मुहम्मद (स.) घरी आले, त्यांनी मुलाचा चेहरा पाहिला, चौकशी केली. मग त्याला 'अबू उमैर' अशी मोठ्या माणसासारखी हाक मारून त्याच्या पाखराविषयी विचारलं. 'पाखरासाठी कुणी रडतं का' असं ते म्हणाले नाहीत. एका पोराच्या दुःखाची विचारपूस इतकी मोलाची ठरली की ती बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत आहे.

दुसरी गोष्ट त्यांच्या लहानग्या मुलाची, इब्राहीमची. तो शेवटचे श्वास घेत होता आणि पैगंबरांच्या डोळ्यांत पाणी होतं. जवळच्या सहाबींना आश्चर्य वाटलं, आपणसुद्धा? त्यांनी सांगितलं, ही दया आहे. ज्या घरांत मुलाला 'मर्द रोते नहीं' म्हणतात, त्यांनी ही हदीस मुलांना सांगावी. हजरत याकूब (अलै.) यांचा किस्सा कुरआनात सूरह यूसुफमध्ये आहे. मुलगा हरवल्यावर त्यांनी उत्तम सब्राची गोष्ट केली, आणि त्याच दुःखात रडून रडून त्यांचे डोळे गेले. सब्र आणि अश्रू एकाच माणसात, एकाच सूरहमध्ये आहेत. मग सब्र म्हणजे तोंड दाबून बसणं, हे आपण कुठून आणलं? हा अर्थ आपण सर्वांत जास्त कुणाला लावतो? घरातल्या मुलींना आणि सुनांना. त्याचा फायदा कुणाला होतो, हेही विचारून बघा.

रागाबद्दल तर हदीसमध्ये साधी कृती सांगितलीय. उभे असाल तर बसा. तरीही राग गेला नाही तर आडवे व्हा. शरीर आधी थांबवा, मन मागून थांबेल. मानसशास्त्रज्ञ आज मुलांना हेच शिकवतात.

आता घरात काय करायचं ते सांगते. मला माहीत आहे, तुमच्यापैकी कुणी चटईच्या कारखान्यात दिवसभर उभं राहून येतं, कुणी दालमिलमध्ये पोती उचलतं, कुणी केळीचे ट्रक भरतं. घरी आल्यावर मुलांबरोबर तासभर बसा, असं मी सांगणार नाही. दहा मिनिटं पुरतात.

रात्री जेवायला एकत्र बसता ना? तेव्हा प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची : आज मनात काय आलं आणि कशामुळे. सुरुवात मोठ्यांनी करायची. अब्बांनी म्हणावं, 'आज मुकादम सगळ्यांसमोर बोलला, मला अपमान वाटला. थोडा वेळ कामात लक्ष लागलं नाही.' मुलगा हे ऐकतो तेव्हा त्याला दोन गोष्टी मिळतात. 'अपमान' हा शब्द मिळतो, आणि अपमान झालेला माणूस घरी येऊन भांडी न आपटताही जगू शकतो, हे दिसतं. असं शिकवायला दुसरी कुठलीच पद्धत नाही. मूल आपलं भाषण विसरतं, आपला चेहरा मात्र पाठ करतं.

दुसरं, 'का केलंस?' ऐवजी 'काय झालं?' विचारा. 'का' म्हटलं की मूल बचाव शोधतं, खोटं बोलतं. 'काय झालं' म्हटलं की ते गोष्ट सांगतं. गोष्ट सांगून झाली की आपण शब्द सुचवायचा, 'म्हणजे तुला एकटं पडल्यासारखं वाटलं का?' चुकलं तर ते स्वतःच दुरुस्त करेल, 'नाही अम्मी, एकटं नाही, जलन झाली.' हे दुरुस्त करणं म्हणजेच शिकणं.

तिसरं, भावना मान्य करा, पण प्रत्येक वागणं मान्य करू नका. 'बहिणीला नवा ड्रेस आला, तुला हेवा वाटला, ठीक आहे. पण तिची ओढणी कापायची नाही.' ही दोन वाक्यं एकत्र यायला हवीत. नुसतं पहिलं म्हटलं तर लाड होतात, नुसतं दुसरं म्हटलं तर धाक बसतो.

आता शाळा. शिक्षकांना वाटतं, आधीच अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे कुठे बसवायचं? 2011 मध्ये जोसेफ डर्लॅक आणि सहकाऱ्यांनी शाळांमधल्या अशा 213 कार्यक्रमांचा एकत्र अभ्यास मांडला. त्यात 2 लाख 70 हजारांवर विद्यार्थी होते. या मुलांचं वागणं तर सुधारलंच, शिवाय अभ्यासातही ती इतरांच्या पुढे गेली. ज्याच्या मनात धाकधूक चालू आहे त्याच्या डोक्यात अपूर्णांक शिरत नाही, हे कोणत्याही शिक्षकाला अनुभवाने माहीत आहे. दिल्लीच्या सरकारी शाळांनी 2018 मध्ये आठवीपर्यंत 'हॅपिनेस' चा तास सुरू केला होता. आपल्या महाराष्ट्रात 'मूल्यवर्धन' हा कार्यक्रम 2009 मध्ये बीड जिल्ह्यात सुरू झाला आणि पुढे राज्यभर नेला गेला.

आपल्या खानदेशात तर याहून जुना धडा आहे. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, तिथल्या छात्रालयात मुलांमध्ये राहत होते. मुलांसाठी ते हाताने लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. पुढे 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिलं. त्यात एक मोठा माणूस लहानपणीची आपली भीती, लाज, हट्ट, पश्चात्ताप न लपवता सांगतो. मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना आपल्या रडण्याची ओळख त्या पुस्तकाने करून दिली. याच गुरुजींनी 'इस्लामी संस्कृती' या पुस्तकात पैगंबरांचं चरित्रही लिहिलं, हे आपल्या तरुणांनी आवर्जून माहीत करून घ्यावं.

वर्गात करायला खर्च काहीच नाही. परिपाठातली पाच मिनिटं घ्या. एका मोठ्या कागदावर मुलांकडूनच चेहरे काढून घ्या आणि प्रत्येक चेहऱ्याखाली घरच्या बोलीतला शब्द लिहा. मराठी, उर्दू, अहिराणी, पावरी, जो असेल तो. सकाळी येताना मुलाने आपल्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. 'घाबरलेला' वर ज्याचं बोट आहे त्याला त्या दिवशी फळ्यासमोर उभं करू नका. दुसरं, भांडण झालं तर जबरदस्तीने 'सॉरी' वदवून घेऊ नका. 'त्याला काय झालं असेल? आता ते भरून कसं काढशील?' एवढं विचारा. तिसरं, हात उगारू नका. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळावरही बंदी घातलीय. 'तुझ्या बापाने कधी शाळा पाहिली होती का?' हे वाक्यही त्यात मोडतं.

आता अवघड गोष्ट. ती टाळून या विषयावर आपल्या मुलांसमोर बोलता येत नाही.

सहावीतल्या एका मुलाने वर्गमित्राचा चष्मा फोडला. नाव, शाळा सांगत नाही. कारण विचारलं तर तेच, राग आला. मी म्हटलं, घरी बोलतोस तसं सांग. तो म्हणाला, 'सबके सामने मेरी इज्जत गई.' आदल्या रात्री क्रिकेटचा सामना झाला होता. सकाळी वर्गात कुणीतरी म्हणालं, 'तुमची टीम हरली.' पोरं हसली. हा पोरगा रात्री भारतासाठीच ओरडून घसा बसवून आला होता.

अशा वेळी त्याला दीर्घ श्वास घ्यायला शिकवायचं आणि सोडून द्यायचं? तसं केलं तर आपण भावनिक बुद्धिमत्तेच्या नावाखाली त्याला अपमान गिळायला शिकवू. त्याचा राग बरोबर होता, त्याने उचललेला हात चूक होता. दोन्ही गोष्टी त्याला वेगवेगळ्या सांगायला हव्यात. 'तुझा अपमान झाला. तुला जे वाटलं ते खोटं नाही. यात तुझी चूक नाही. चष्मा मात्र तुला भरून द्यावा लागेल.' आणि जे वाक्य सगळ्यांसमोर बोललं गेलं, त्यावर शिक्षकाने सगळ्यांसमोरच बोलायला हवं. कोपऱ्यात घेऊन समजूत काढली तर वर्गाला काहीच कळत नाही. बोलणारा मुलगाही दहा-अकरा वर्षांचाच असतो. ते वाक्य त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं. 'ते ऐकून त्याला काय वाटलं असेल?' हा प्रश्न त्यालाही कुणीतरी विचारायला हवा. तोही शिकण्याच्याच वयात आहे.

ज्या मुलाला अपमानासाठी शब्द मिळत नाही, तो एक तर मुठी वळतो किंवा हळूहळू मागच्या बाकावर सरकतो आणि एक दिवस शाळेत यायचा थांबतो. मुठी वळणारा आपल्याला दिसतो. दुसरा दिसत नाही. मला दुसऱ्याची काळजी जास्त वाटते.

ज्याला शब्द मिळतो तो तक्रार लिहू शकतो, वर्गात उभं राहून बोलू शकतो, साक्षीदार होऊ शकतो. संविधानाने दिलेला समान दर्जा वापरायचा तर आधी 'माझा अपमान झाला' हे शांतपणे, स्पष्ट आवाजात म्हणता यायला हवं. नागरिक म्हणून ही पहिली तयारी आहे.

आणि हेच माप स्वतःलाही लावू या. आपल्या घरांत काय बोललं जातं? 'त्या मोहल्ल्यातल्या पोरांत खेळू नको.' 'ते आपल्या बिरादरीचे नाहीत.' कचरा वेचणाऱ्या मुलाबद्दल, दुसऱ्या जातीबद्दल, दुसऱ्या मसलकबद्दल आपल्या तोंडून काय निघतं? आपलं मूल तेही पाठ करतं. स्वतःच्या अपमानाचं दुःख कळणं ही अर्धी भावनिक बुद्धिमत्ता. उरलेला अर्धा भाग दुसऱ्याचा अपमान करताना जीभ अडखळणं हा आहे.

इथे बसलेले बरेच जण वीस-बावीस वर्षांचे आहेत. तुम्हाला वाटेल, हे आईबापांचं आणि शिक्षकांचं काम. पण घरातला बारा वर्षांचा मुलगा अब्बांना सांगत नाही ते भाईजानला सांगतो. मुलगी अम्मीला सांगत नाही ते आपाला सांगते. तुमच्याकडे काही आलं तर तीन गोष्टी सांभाळा. हसू नका. लगेच उपदेश करू नका. आणि ती गोष्ट गल्लीत नेऊ नका. कुणी त्या मुलाला त्रास देत असेल, त्याच्या अंगाला हात लावत असेल, तर मात्र गुपित ठेवायचं नाही. 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. एखादं मूल कित्येक दिवस बोलत नाही, खात नाही, झोपत नाही, जगावंसं वाटत नाही म्हणतं, तर ते नजर लागल्याचं लक्षण समजून वेळ घालवू नका. दुआ जरूर करा, आणि डॉक्टरांकडेही न्या. 14416 या क्रमांकावर सरकारची 'टेली-मानस' सेवा आहे, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. हे दोन्ही नंबर आत्ताच मोबाइलमध्ये टाकून घ्या.

शेवटी एकच काम देते. आज रात्री घरी गेल्यावर आपल्या दादीला, नानीला विचारा, 'राग' सोडून मनाच्या अवस्थेसाठी तुम्ही कोणकोणते शब्द वापरायच्या? जे शब्द मिळतील ते घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या वहीत, त्याच्याच हाताने लिहून घ्या. पुढच्या वेळी तो 'राग आला' म्हणाला की वही उघडा आणि त्याला विचारा, 'यातला कोणता?'